एका तारखेची माणसे

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग तेथील लोक सहज बोलताना सांगतात : एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. वरवट बकाल हे गाव घाटाखाली, सातपुड्याच्या बाजूस, संग्रामपूर तालुक्यात आहे. सिंदखेडराजा घाटावर, जिल्ह्याच्या दक्षिण भागात आहे. दोहोंमधील अंतर पुष्कळ. परंतु १२ जानेवारी या दिवशी ते जणू उरत नाही. त्या दिवशी सिंदखेडराजा येथे राजमाता जिजाऊंच्या जन्मस्थानी मोठा जनसमुदाय लोटतो, आणि गावोगावच्या शाळांतही त्यांच्या प्रतिमेस हार घातला जातो. शाळेच्या मेजावर त्या दिवशी आणखी एक प्रतिमा असते. ती स्वामी विवेकानंदांची होय. दोघांचीही जयंती १२ जानेवारीसच साजरी होते.

दोन थोर व्यक्तींचा जन्मदिवस एकच आहे, हे ऐकून कोणासही कौतुक वाटते. कौतुकापाठोपाठ एक समजूतही मनात शिरते, ती ही की, तो दिवसच भाग्याचा असला पाहिजे. ही समजूत वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु तिच्या पोटात दुसरी एक समजूत दडलेली असते. थोरपण जर दिवसाच्या गुणाने येत असेल, तर ज्यांचा जन्म एखाद्या अप्रसिद्ध दिवशी झाला, त्यांनी मोठे होण्याची आशा कशाच्या बळावर धरावी? म्हणून ही गोष्ट तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम त्या दोन चरित्रांकडेच पाहावे. जिजाऊंचा जन्म १५९८ सालचा. सिंदखेडचे मातबर सरदार लखुजी जाधव हे त्यांचे वडील. भोसल्यांच्या घरी त्या सून म्हणून आल्या. परंतु माहेर आणि सासर यांच्यात वैर आले. १६२९ मध्ये लखुजी आणि त्यांचे पुत्र देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी मारले गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी शिवरायांचा जन्म झाला. पुढे जिजाऊंनी उजाड झालेल्या पुण्यात पुत्रासह राहून तो मुलूख पुन्हा वसविला. १६६६ मध्ये शिवराय आग्र्यास गेले, तेव्हा मागे राज्याचा भार त्यांनी सांभाळला. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. तो सोहळा डोळे भरून पाहिल्यावर अवघ्या अकरा दिवसांनी पाचाड येथे त्यांनी देह ठेवला.

विवेकानंदांचा जन्म जिजाऊंच्या जन्मानंतर २६५ वर्षांनी, १८६३ साली कलकत्त्यास झाला. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव नरेंद्रनाथ दत्त. वडील वकील होते आणि घरी सुबत्ता होती. परंतु १८८४ मध्ये वडील एकाएकी वारले आणि सुखात वाढलेल्या या तरुणावर नोकरीसाठी दारोदार हिंडण्याची पाळी आली. पुढे रामकृष्ण परमहंसांचा हा शिष्य संन्यासी होऊन देशभर फिरला. १८९३ च्या सप्टेंबरात शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेत त्याने भाषण केले आणि १८९७ मध्ये रामकृष्ण मिशनची स्थापना केली. चाळिशी पुरी होण्यापूर्वीच, १९०२ साली, त्याचे जीवन संपले.

या दोन जीवनांत सारखे काय आहे? काळ निराळा, प्रांत निराळा, कार्यही निराळे. एक राजकुलातील माता, दुसरा घरदार सोडलेला संन्यासी. सारखी गोष्ट एकच दिसते : दोघांवरही पित्याच्या मृत्यूचा आघात झाला, आणि त्या आघाताने दोघांपैकी कोणीही आपला मार्ग सोडला नाही. हे साम्य तारखेने दिलेले नाही. ते त्यांनी स्वतः मिळविलेले आहे.

आता त्या तारखेचाही थोडा विचार करावा. आपल्या पंचांगाप्रमाणे जिजाऊंची जन्मतिथी पौष पौर्णिमा आहे, तर विवेकानंदांची पौष वद्य सप्तमी. रामकृष्ण मठात विवेकानंदांची जयंती तिथीप्रमाणे साजरी होते. म्हणजे तारखेने जे दोन जन्मदिवस एक होतात, तेच तिथीने एकमेकांपासून आठवडाभर दूर जातात! इंग्रज शास्त्रज्ञ न्यूटन याचेही असेच आहे. तो जन्मला तेव्हा इंग्लंडात २५ डिसेंबर १६४२, म्हणजे नाताळचा सण होता. परंतु युरोपातील ज्या देशांनी सुधारलेली दिनदर्शिका स्वीकारली होती, तेथे त्याच दिवशी ४ जानेवारी १६४३ ही तारीख होती. सूर्य एकच उगवला. तारखा मात्र दोन झाल्या. तारीख ही माणसाने काळ मोजण्यासाठी केलेली खूण आहे. कोस आणि मैल यांच्या खुणांनी वाटेची लांबी कळते. वाटसरूच्या पायांत बळ येत नाही.

गणिताचे म्हणणे याहूनही स्पष्ट आहे. वर्षाचे दिवस ३६५, तेव्हा दोन माणसांचा जन्मदिवस एकच निघणे दुर्मीळ असावे, असे कोणासही वाटते. परंतु कोठलीही २३ माणसे एकत्र जमली, तरी त्यांतील कोणा दोघांचा जन्मदिवस एक असण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो. कारण २३ जणांच्या दोन-दोनांच्या जोड्या २५३ होतात, आणि यांपैकी कोणत्याही एका जोडीचा दिवस जुळला की पुरे. चाळीस विद्यार्थ्यांचे शंभर वर्ग पाहिले, तर त्यांतील सुमारे ८९ वर्गांत अशी एक तरी जोडी सापडेल. मग इतिहासातील सहस्रावधी थोर स्त्रीपुरुषांत अशा जोड्या आढळल्या, तर त्यात नवल ते काय! आज जगात दररोज साडेतीन लाखांहून अधिक बालके जन्म घेतात. त्या सर्वांची तारीख एक, पण वाटा साडेतीन लाख असतात.

कोणी म्हणेल, तारखेबरोबर सालही जुळले तर? तसेही उदाहरण आहे, आणि ते मोठे बोलके आहे. १२ फेब्रुवारी १८०९ या एकाच दिवशी चार्ल्स डार्विन इंग्लंडात आणि अब्राहम लिंकन अमेरिकेत जन्मास आले. डार्विनचे वडील नामांकित वैद्य होते. त्याला दोन विद्यापीठांत शिकावयास मिळाले. लिंकनचा जन्म लाकडी ओंडक्यांच्या झोपडीत झाला. त्याच्या साऱ्या शालेय शिक्षणाचे दिवस एकत्र केले, तर ते एक वर्षही भरत नाहीत. एकाने सृष्टीतील जीवांच्या उत्पत्तीचा शोध केला. दुसऱ्याने आपल्या देशातील गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. त्यांच्यातही दोन गोष्टी मात्र सारख्या होत्या. दोघांची आई त्यांच्या बालपणीच वारली; आणि गुलामगिरीचा दोघांनाही मनापासून तिटकारा होता. पहिली गोष्ट दैवाची, दुसरी त्यांच्या विवेकाची. एकाच घटकेचे पाळणेही दोन माणसांना एका साच्यात घालू शकत नाहीत.

तारखेत जर गुण नाही, तर जयंत्या साजऱ्या कराव्यात कशास, असा प्रश्न येथे उभा राहतो. त्याचे उत्तर असे की, स्मरणासाठी एखादा दिवस नेमलेला असणे माणसाच्या सोयीचे असते. नाहीतर ‘कधीतरी’ करावयाची गोष्ट कधीच होत नाही. आणि दोन जयंत्या एका दिवशी आल्या, तर दोन चरित्रे शेजारी ठेवून वाचण्याची संधी आयतीच मिळते. परंतु ही संधी पुष्कळदा वाया जाते. २ ऑक्टोबर हा दिवस महात्मा गांधींचा आणि लालबहादूर शास्त्रींचाही आहे. गांधीजींचा जन्म १८६९ चा, शास्त्रीजींचा १९०४ चा. गांधीजींविषयी तासभर बोलून झाल्यावर शास्त्रीजींच्या वाट्यास चार वाक्ये येतात. ज्यांना वडिलांचा सहवास दोन वर्षेही लाभला नाही, रेल्वेमंत्री असता अपघाताची जबाबदारी स्वतःवर घेऊन ज्यांनी १९५६ मध्ये पदत्याग केला, आणि १९६४ मध्ये जे देशाचे पंतप्रधान झाले, त्यांना चार वाक्यांत आटोपणे न्यायाचे नव्हे. १ ऑगस्टचेही तसेच. १९२० साली त्याच दिवशी लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि त्याच दिवशी वाटेगाव येथे अण्णाभाऊ साठे जन्मले. एकाच्या स्मरणाने दुसरे झाकले जाणार असेल, तर ते स्मरण अपुरे राहिले असेच म्हटले पाहिजे. एका पणतीने दुसरी लावावी. तिच्यावर सावली धरू नये.

आणखी एक तारीख अशी आहे की, जिचा उल्लेख थोरांच्या चरित्रांत क्वचितच येतो. परंतु महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत तिच्याइतकी माणसे दुसऱ्या तारखेची नसतील. ती म्हणजे १ जून. कोठे कोठे १ जुलै. पूर्वी मूल शाळेत येई, तेव्हा त्याचा जन्म कोणत्या दिवशीचा, हे आईबापांस नेमके ठाऊक नसे. ‘दुष्काळाच्या साली’, ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’, ‘कापूस वेचणीच्या दिवसांत’, असे उत्तर मिळे. मग गुरुजी अंदाजाने साल धरीत आणि शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात सोयीची तारीख लिहीत. पुढे नोकरी, निवृत्ती, सारे त्याच तारखेने ठरले. अशी अगणित माणसे एका तारखेची झाली. त्यांनी शेती केली, सैन्यात चाकरी केली, शाळा चालविल्या, मुलाबाळांना शिकविले. खरा जन्मदिवस कागदावर नाही, म्हणून त्यांचे एकही काम खोटे ठरले नाही.

शेगाव हे क्षेत्र वरवट बकालपासून फार दूर नाही. तेथील संत गजानन महाराज यांची जन्मतारीख कोणासही ठाऊक नाही. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी ते शेगावात प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले. म्हणून भक्तजन त्यांचा जन्मदिवस नव्हे, तर प्रकटदिन साजरा करतात. संत तुकारामांच्या जन्मसालाविषयीही विद्वानांत एकमत नाही; तरी त्यांचे अभंग महाराष्ट्राच्या ओठांवर आहेत. जन्मदिवस हरवला तरी चालते. कार्य हरवता कामा नये.

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण जुनी आहे. परंतु पाळणा कोणत्या तारखेस हलला, यावरून त्या पायांची वाटचाल सांगता येत नाही. आपल्या जन्मदिवशी कोण थोर पुरुष वा कोण थोर स्त्री जन्मली, हे मुलांनी अवश्य शोधावे आणि त्या व्यक्तीचे चरित्र वाचावे; तेवढ्याने एका मोठ्या जीवनाशी ओळख होते. त्याचबरोबर घरातील आजी-आजोबांना त्यांच्या जन्माची हकीकत विचारून ती वहीत लिहून ठेवावी. ज्यांची तारीख गुरुजींनी लिहिली, त्यांची आठवण निदान नातवंडांनी तरी लिहावी. वर्षाचे सर्व दिवस सारखेच कोरे असतात. त्यांवर काय लिहावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.