झोंबींच्या गावातला संसार

यंदा या सदरात व्हिडिओ गेमवर लिहिणार आहे, तोही झोंबींच्या, असं कळवल्यावर संपादक मंडळाने फोन करून "नक्की ना?" असं विचारलं. विचारणं रास्तच होतं. एम.ए. मराठी, सहा वर्षं नाशिकला शाळेत शिकवलेली, आणि आता नोव्हेनाला घर सांभाळणारी बाई. तिचा आणि चालत्या प्रेतांचा संबंध काय? संबंध आहे आणि तो मुख्यतः स्वयंपाकघरातून येतो. म्हणून मंडळी, फराळाचं ताट जवळ घ्या आणि थोडा धीर धरून वाचा.

खेळाचं नाव प्रोजेक्ट झोंबॉइड. द इंडी स्टोन नावाच्या एका छोट्या गटाने तो २०११च्या सुमारास लोकांसमोर आणला. २०१३मध्ये तो स्टीमवर 'अजून काम चालू आहे' अशा पाटीसह विक्रीला आला आणि ती पाटी अजून उतरलेली नाही. काळ जुलै १९९३, ठिकाण अमेरिकेतल्या केंटकीमधला नॉक्स कंट्री नावाचा परगणा. कसलीशी साथ आली आहे, लष्कराने परगणा बंद केला आहे आणि माणसांचे झोंबी झाले आहेत. तुम्ही अजून माणूस आहात, किती दिवस ते बघायचं. सुरुवातीलाच पडद्यावर सांगितलं जातं की ही तुमच्या मृत्यूची गोष्ट आहे. जिंकणं, शेवटचा राक्षस, राजकन्या असलं काही नाही. खेळ तुम्ही मरेपर्यंत चालतो.

आता गुण सांगते. आजवर इतका घरगुती खेळ मी पाहिलेला नाही. बंदूक हाती घेणारा नवखा खेळाडू पहिल्याच दिवशी मरतो, कारण आवाजाने सगळी वस्ती गोळा होते. टिकतो तो ज्याला घर चालवता येतं. खिडक्यांना चादरी लावायच्या, म्हणजे बाहेरून कुणी दिसणार नाही. काही दिवसांत वीज जाणार, नळ कोरडे पडणार. तोवर प्रत्येक भांडं भरून ठेवायचं आणि फ्रिजमधलं नासणारं आधी संपवायचं. नंतर पावसाचं पाणी पिंपात धरायचं आणि उकळून प्यायचं. भाज्या लावायच्या, व्हिनेगर आणि साखर मिळाली तर बरण्यांत भरून टिकवायच्या. फाटलेल्या कपड्याला ठिगळ लावायचं, जुन्या चादरी फाडून पट्ट्या करायच्या. गॅसवर काही ठेवून विसरलात तर घर पेटतं. उन्हाळ्यात गच्चीभर कुरडया घालणारी आमची आजी या खेळात कित्येक महिने सहज काढेल.

शिकण्याची बाजूही मास्तरणीला आवडेल अशी आहे. सुतारकाम येत नसेल तर पुस्तक वाचायचं, मग काम शिकण्याचा वेग वाढतो. पहिल्या काही दिवसांत टीव्हीवर लागणारे स्वयंपाकाचे, सुतारकामाचे कार्यक्रम पाहिले तरी हात सुधारतो. जनरेटर चालवायला त्यावरचं एक मासिक शोधून वाचावं लागतं, नाहीतर यंत्र समोर असून उपयोग नाही. 'वाचाल तर वाचाल' हे वर्गात सांगून जेवढं पटलं नसेल तेवढं इथे पटतं.

सुरुवातीला आपल्या पात्राचा व्यवसाय निवडायचा असतो. अग्निशमन अधिकारी, नर्स, सुतार, लाकूडतोड्या, अगदी बर्गर भाजणारासुद्धा यादीत आहे. आम्ही खेळतो त्या आवृत्तीत शिक्षिका नाही आणि गृहिणीही नाही. जवळचा पर्याय 'बेरोजगार'. गंमत म्हणजे चांगले गुण विकत घ्यायला सर्वांत जास्त गुणांक याच बेरोजगाराला मिळतात. डिपेंडन्ट पासवर सिंगापूरला आलेल्या मैत्रिणींनो, हे कुणीतरी मान्य केलं याची नोंद घ्यावी.

आता वैताग. पहिला, सामानाचा. प्रत्येक वस्तूला वजन आहे, आणि एक कपाट रिकामं करायचं म्हणजे दहा मिनिटं माऊस इकडून तिकडे ओढत बसायचं. घर बदलताना खोकी बांधण्याचा कंटाळा असतो, तोच इथे मनोरंजन म्हणून पदरी येतो. दुसरा, मृत्यूचा. झोंबी चावला की संपलं, औषध नाही. मागच्या टप्प्यावर परत जायची सोय नाही. तीन महिने जपलेलं पात्र दाराआड उभ्या असलेल्या एकामुळे जातं, आणि नव्या पात्राचं सुतारकाम पुन्हा शून्यावर. तिसरा, वाट पाहण्याचा. लोकांसोबत नीट खेळता येईल अशी एक्केचाळिसावी आवृत्ती डिसेंबर २०२१मध्ये आली. बेचाळिसावी चाचणीसाठी आली ती थेट डिसेंबर २०२४मध्ये, आणि तेव्हा तिच्यात एकत्र खेळायची सोयच नव्हती.

चौथा वैताग मात्र मला खेळाच्या मुळाशी जाणारा वाटतो. एकटं खेळताना महिनाभरात सगळं जमतं. पाणी आहे, बटाटे आहेत, कुंपण पक्कं आहे. आणि मग प्रश्न पडतो, पुढे काय? या एवढ्या परगण्यात दुसरा एकही जिवंत माणूस नाही. अगदी सुरुवातीच्या आवृत्तीत होता. केट नावाची पाय जायबंदी झालेली बायको आणि तिला पट्टी बांधून सूप करून देणारा नवरा, अशी गोष्ट होती. पुढे जिवंत पात्रं काढून टाकली गेली. ती नव्याने, जास्त चांगली करून आणू, हे आश्वासन चाहते वर्षानुवर्षं ऐकत आहेत. त्या जुन्या गोष्टीतही दारातून आत येणारा तिसरा माणूस होता लुटारू. साथ आली की उरलेला प्रत्येक माणूस धोका, हे या प्रकारच्या खेळांचं आणि सिनेमांचं गृहीतकच आहे.

नोव्हेनात राहून हे गृहीतक पचत नाही. आमच्या स्टेशनापासून चालत काही मिनिटांवर टॅन टॉक सेंग रुग्णालय आहे. २००३मध्ये सार्सची साथ आली तेव्हा सगळे सार्सचे रुग्ण एकाच ठिकाणी ठेवायचे ठरलं, ते ठिकाण हेच. सिंगापूरमध्ये २३८ जणांना लागण झाली, ३३ गेले. लागण झालेल्यांत सुमारे ४० टक्के आरोग्यसेवेतलीच माणसं होती. आजार नेमका काय, हेही सुरुवातीला माहीत नसताना ती रोज कामावर जात होती. त्या अनुभवातूनच पुढे शेजारी संसर्गजन्य रोगांचं ३३० खाटांचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. सप्टेंबर २०१९मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं आणि चारच महिन्यांनी कोविडचा पहिला रुग्ण सिंगापुरात सापडला. ३० मार्च २०२०च्या रात्री आठ वाजता आम्ही बाल्कनीत टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्या केंद्रातले दिवे आमच्या समोरच होते. झोंबॉइडच्या नियमाने चालायचं तर त्या इमारतीपासून जितकं लांब जाता येईल तितकं जायला हवं होतं. लोक आत जात होते.

मराठी माणसाला तर हे १८९७पासून माहीत आहे. पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुल्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने गावाबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला होता. लागण झालेल्या एका मुलाला सावित्रीबाई पाठीवर घेऊन तिथे आल्या, असं सांगतात. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. दरवर्षी ३ जानेवारीला शाळेत मी त्यांच्यावर बोलायचे. मुलींची शाळा, अंगावर आलेलं शेण, सगळं सांगायचे. हा शेवटचा प्रसंग मात्र मला खऱ्या अर्थाने समजला तो २०२१च्या एप्रिलमध्ये.

तेव्हा आई नाशिकला रुग्णालयात होती आणि धाकटा भाऊ एकटा. एप्रिलअखेरीस भारतातून येणाऱ्यांसाठी सिंगापूरचं दार बंद झालं. मी गेले असते तर परत कधी येता येईल हे कुणी सांगू शकत नव्हतं, आणि लेक चार वर्षांचा. अकरा दिवस मी फोनवर होते. भाऊ खाट शोधत होता, औषध शोधत होता. त्याच्या दाराशी रोज डबा ठेवून जाणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या काकू आणि ओळखदेख नसताना रात्री दोन वाजता सिलिंडर आणून देणारा एक रिक्षावाला, यांच्या जोरावर ते दिवस निघाले. आई बरी झाली. भाऊ गप्प झाला.

पुढच्या वर्षी त्यानेच म्हटलं, "ताई, एक गेम आहे, खेळतेस का?" मी हो म्हटलं, कारण व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी पाच मिनिटांच्या वर बोलणं होत नव्हतं. तेव्हापासून शनिवारी आमचे रात्रीचे साडेदहा, त्याचे आठ. केंटकीतल्या एका घरात आम्ही दोघं भाजी लावतो आणि बोलतो. आधी खिळे किती उरले यावर बोललो, मग आईच्या गुडघ्यावर, मग एक दिवस त्या एप्रिलवर. हातात काम असलं की बोलणं सोपं जातं, हे शेंगा सोलत बसणाऱ्या बायकांना कुणी सांगायला नको.

त्याची एक खोड आहे. तो एक खोली औषधांनी भरून ठेवतो. अँटिबायोटिकने चावा बरा होत नाही, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे, तरी दिसलं की उचलतो. मी त्यावर काही बोलत नाही. मागे माझं पात्र चावलं गेलं. हुशार खेळाडू अशा वेळी सामान काढून घेतो आणि त्या माणसाला घराबाहेर काढतो. भावाने आधी जखमेवर पट्टी बांधली, सूप केलं आणि माझ्या शेजारी त्याचं पात्र बसवलं. "लगेच बंद करू नकोस, बस थोडा वेळ," म्हणाला. नियमाप्रमाणे त्या पट्टीचा उपयोग शून्य. मग मी नवं पात्र घेऊन त्याच रस्त्याने चालत घराशी आले, आणि त्याने दार उघडलं. जुन्या पात्राचं पुढे काय केलंस, हे मी विचारलेलं नाही.

एवढं वाचून कुणाला हात घालावासा वाटलाच, तर चार सूचना. रक्तपात भरपूर आहे, लहान मुलांना दूर ठेवा. सेटिंगमध्ये झोंबींची संख्या कमी करता येते, अगदी शून्यही, आणि संसर्गही बंद करता येतो. नवख्यांनी खुशाल करावं, लाज बाळगू नये. एकटे असाल तर चाळीसेक तासांत कंटाळा येईल असा माझा अंदाज आहे. म्हणून दुसरं कुणीतरी बरोबर घ्या, शक्यतो असं की ज्याच्याशी फोनवरचं बोलणं 'बाकी काय' पाशी येऊन अडतं. मामेभाऊ, भाचा, जुनी मैत्रीण, कुणीही.

दोघं खेळताना एक नियम मात्र लक्षात ठेवा. झोपेची सोय चालू ठेवली असेल, तर दोघंही झोपल्याशिवाय रात्र भराभर पुढे सरकत नाही. आमच्याकडे भाऊ बराच वेळ कुंपण तपासत फिरत असतो आणि मी अंथरुणावर पडून वाट बघते. अलीकडे तो जरा लवकर झोपायला लागला आहे.