शिलालेख वाचता येतो, फ्लॉपी नाही

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ (इ.स. १०६०) चा शिलालेख सुमारे आठशे वर्षांनीही अभ्यासकांना वाचता आला. त्याच अंबरनाथात किंवा शेजारच्या उल्हासनगर-बदलापुरात १९९९ साली संगणकावर जुळवलेली एखादी मराठी स्मरणिका आज उघडली, तर बहुधा रोमन अक्षरांचा निरर्थक खच दिसेल.

विंडोज ९८ ला युनिकोड देवनागरी ठाऊक नव्हती. ती विंडोज २००० पासून आली. तोवर श्री-लिपीसारख्या प्रणालींत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेले असत. फाँट हरवला की मजकूर हरवला.

म्हणूनच विंडोज ९८ आणि एक्सपी एकाच हार्ड डिस्कवर नांदवण्याची जुनी विद्या इतिहासाच्या अभ्यासकाने शिकायला हवी. पहिल्या पार्टिशनवर, फॅट३२ पद्धतीने, आधी ९८. मग दुसऱ्यावर एक्सपी. क्रम उलटला तर ९८ एक्सपीची बूट-व्यवस्था मोडते. एक्सपीचे पार्टिशन एनटीएफएस असेल, तर ९८ ला ते वाचताच येत नाही. देवाणघेवाण मग ९८ च्या फॅट३२ पार्टिशनवरून करावी; ते एक्सपीलाही वाचता येते.

‘कन्व्हर्टर आहेत की!’ हा आक्षेप अपुरा आहे. कन्व्हर्टर अक्षरे देतो (जोडाक्षरांत तेही चुकतमाकत). पेजमेकरमधील पानाची मांडणी, जाहिरातींच्या चौकटी, देणगीदारांच्या यादीतील मानाचा क्रम देत नाही. स्थानिक इतिहास नेमका तिथेच दडलेला असतो.

छापखान्यातला जुना संगणक भंगारात निघालाच, तर डिस्क आधी काढून घ्यावी, तिची प्रत करावी आणि पार्टिशनचे सारे प्रयोग त्या प्रतीवरच करावेत.