अपराध वारशाने येत नाही, मालमत्ता येते

१९२१ च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या टल्सा शहरात गोऱ्यांच्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती जाळून टाकली. घरे, दुकाने, चित्रपटगृहे, प्रार्थनामंदिरे यांची राख झाली व हजारो माणसे बेघर झाली. विमा कंपन्यांनी दंगलीच्या कलमाकडे बोट दाखवून भरपाई नाकारली. त्यानंतर कित्येक दशके त्या राज्यातील शालेय पुस्तकांत या घटनेचा मागमूसही नव्हता. राज्याने नेमलेल्या आयोगाचा अहवाल यायला २००१ साल उजाडावे लागले.

या जळिताला शंभर वर्षे पूर्ण झाली त्याच महिन्यात, म्हणजे मे २०२१ मध्ये, ओक्लाहोमाच्या राज्यपालांनी एका शिक्षणविषयक कायद्यावर स्वाक्षरी केली. आपल्या वंशामुळे विद्यार्थ्याला अपराधी वा अस्वस्थ वाटले पाहिजे, किंवा त्याच्या वंशातील लोकांनी पूर्वी केलेल्या कृत्यांची जबाबदारी त्याच्यावर येते, असे शाळेत शिकवण्यास या कायद्याने मनाई केली. टेनेसी, टेक्सास, फ्लोरिडा या राज्यांनीही त्याच सुमारास असेच निर्बंध आणले. जानेवारी २०२५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी याच आशयाचा आदेश काढला.

या कायद्यांचे समर्थक म्हणतात की, प्रत्येक मूल ही स्वतंत्र व्यक्ती आहे आणि तिचा न्याय तिच्या स्वतःच्या कर्मावरून व्हावा. हे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. दहा वर्षांच्या गोऱ्या मुलाला पणजोबाच्या पापाचा धनी ठरवणे अन्यायाचे आहे. माणसाची योग्यता जन्मावरून ठरते, हाच तर वर्णद्वेषाचा मूळ सिद्धांत. तो उलटा फिरवून वापरल्याने समतेचा सिद्धांत होत नाही. जन्मसिद्ध पापाची कल्पना ज्याला जातिव्यवस्थेत अमान्य आहे, त्याला ती वर्गखोलीतही मान्य करता येणार नाही.

मात्र या कायद्यांची खरी कसोटी त्यांच्या शब्दांपेक्षा अंमलात लागते. टल्साचा इतिहास शिकवू नका, असे ओक्लाहोमाचा कायदा म्हणत नाही. तो राज्याच्या अभ्यासक्रमात आहेच. पण जुलै २०२२ मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाने टल्सा शहराच्याच सार्वजनिक शाळांच्या मान्यतेचा दर्जा या कायद्याखाली खाली आणला, आणि तोही विद्यार्थ्यांच्या नव्हे तर शिक्षकांच्या एका प्रशिक्षणावरून. अशा वेळी पोट हातावर असलेला शिक्षक काय करतो? तो घटना सांगतो आणि कारणे गाळतो. वस्ती जळाली एवढे तो सांगेल. ती कोणी जाळली, भरपाई कोणी बुडवली आणि त्याचा लाभ कोणाला झाला, हे तो सांगणार नाही. फ्लोरिडाच्या शिक्षण मंडळाने जुलै २०२३ मध्ये मंजूर केलेल्या पाठ्यक्रमात तर, गुलामांनी आत्मसात केलेली कौशल्ये काही वेळा त्यांच्या स्वतःच्या फायद्यासाठी वापरता येत, असे शिकवण्याचे स्पष्टीकरण होते. व्यक्तीचे कर्तृत्व सांगण्याच्या भरात बेडीचे माप विसरले की इतिहास असा होतो.

आता वैयक्तिक जबाबदारीच्या तत्त्वाला अर्थशास्त्राच्या तराजूत घालून पाहावे. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरात एजवुड व अलामो हाइट्स अशी दोन शालेय क्षेत्रे होती. एजवुड हे मेक्सिकन वंशाच्या गरिबांचे, अलामो हाइट्स मुख्यतः गोऱ्या सुखवस्तूंचे. शाळांचा स्थानिक पैसा घरा-जमिनीवरील करातून यायचा. १९६७-६८ साली एजवुडच्या रहिवाशांनी आपल्या मालमत्तेच्या दर शंभर डॉलरांमागे १.०५ डॉलर कर लावून घेतला व त्यातून दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर मिळवले. अलामो हाइट्सने ०.८५ डॉलर लावले आणि ३३३ डॉलर मिळवले. ज्याने स्वतःवर अधिक भार घेतला, त्याच्याच मुलाच्या वाट्याला कमी आले. जबाबदारीचे याहून चोख उदाहरण कोणते, आणि तिचे याहून विपरीत फळ ते कोणते? १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही पद्धत घटनाबाह्य नाही असा निर्वाळा दिला.

त्या मालमत्तेच्या किमती काही आकाशातून पडल्या नव्हत्या. १९३० च्या दशकात संघराज्याच्या गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे करून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोकादायक म्हणून लाल रंगात रंगवल्या, आणि तेथे कर्ज मिळणे दुरापास्त झाले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर व घरकामगार वगळले गेले, आणि दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय याच कामांत होते. ज्या पिढीत गोऱ्या कामगाराने सरकारी हमीवर घर उभे केले, त्या पिढीत कृष्णवर्णीय कामगार भाडे भरत राहिला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीनुसार मध्यम गोऱ्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर होती, तर मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार.

याचा अर्थ इतकाच की, अपराध वारशाने येत नाही, पण मालमत्ता येते. आणि ज्याला वारसा हवा त्याने त्यावरचे ऋणही मान्य करावे लागते, हे व्यवहारातील साधे तत्त्व आहे. मुलावर दोष नाही. पण ज्या राज्यसंस्थेने नकाशे रंगवले ती मेलेली नाही, तिची उत्तरदायित्वेही संपलेली नाहीत. टल्साच्या अखेरच्या वयोवृद्ध साक्षीदारांनी भरपाईसाठी केलेला दावा जून २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. व्यक्ती जबाबदार नाही, विमा कंपनी नाही, शहरही नाही. मग जबाबदार कोण?

येथे पुरोगाम्यांनाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे. वर्णद्वेष हा मनाचा मळ असून कबुलीजबाबाने व शिबिरांनी तो धुऊन निघेल, अशी समजूत अमेरिकेच्या उदारमतवादी वर्तुळांत बळावली आहे. हाही व्यक्तिवादच. उजवा म्हणतो, तू निर्दोष आहेस. डावीकडचा सुखवस्तू म्हणतो, तू सदोष आहेस. दोघेही प्रश्न मुलाच्या मनाला विचारतात. शाळेच्या तिजोरीला कोणीच विचारत नाही. कबुलीला खर्च येत नाही, म्हणूनच ती प्रस्थापितांना परवडते.

मग शाळेने काय शिकवावे? डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये गुलामीनंतरच्या पुनर्रचनेचा इतिहास लिहिला, तेव्हा अखेरचे प्रकरण पाठ्यपुस्तकांतून होणाऱ्या असत्य प्रचारावर खर्ची घातले. त्यांचा आग्रह मुलांनी लाजेने मान खाली घालावी हा नव्हता. सत्य सांगितले जावे हा होता. शाळेने मुलाला कष्टाचे मोल शिकवावेच, कारण कष्ट व्यर्थ आहेत असे सांगणारा शिक्षक गरिबाच्या मुलाचा घात करतो. पण त्याच फळ्यावर एजवुडचे गणितही मांडावे. स्वतःची जबाबदारी आणि समाजरचनेचे ज्ञान यांत विरोध नाही; दुसऱ्यावाचून पहिली आंधळी आहे.

महाराष्ट्राचे या प्रश्नाशी जुने नाते आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी द्यू बॉइस यांना पत्र लिहिले. पण २००५-०६ मध्ये कॅलिफोर्नियातील शालेय पुस्तकांतले जातिव्यवस्थेचे वर्णन सौम्य करावे, असा आग्रह तेथील काही हिंदू संघटनांनी धरला. आपल्या मुलांना वर्गात खजील व्हावे लागते, असे त्यांचेही म्हणणे होते. युक्तिवाद तोच, फक्त बोलणारे बदलले. म्हणून फ्लोरिडाचा निषेध करणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्या गावच्या शाळेतील इतिहासाचे पुस्तकही एकदा उघडून पाहावे. गावकुसाबाहेरची वस्ती तेथे कशी आली आणि गावची जमीन कोणाच्या नावावर कशी लागली, याची कारणे त्यात सापडतात की केवळ संतांची वचने, हे त्याने तपासावे. जेथे कारणे सापडणार नाहीत, तेथे आपले काम सुरू होते.