गोष्टीच्या आधी



'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' हा प्रश्न आपल्या घरातल्या प्रत्येक मुलाने सोडवलेला असतो. म्हातारा शेतकरी, चार आळशी मुले, काठ्यांची मोळी, शीर्षक द्या, तात्पर्य लिहा. आम्ही वीस वर्षे तो शिकवत आलो. आधी मुद्दे, मग गोष्ट, हा आमच्या वर्गाचा कायदा. यंदा त्या कायद्याने एका मुलीचा हात थांबला, म्हणून हे लिहितो आहोत.

नववीतली मुलगी. घर लूमच्या वस्तीत. मधल्या सुट्टीत तिने न सांगता लिहिलेले एक पान आणून दिले. रात्री लूमची खटखट अचानक बंद पडते आणि त्या शांततेने घरातले सगळे जागे होतात, अशी सुरुवात. ज्यांनी अशा वस्तीत रात्र काढली आहे त्यांना कळेल की हे किती खरे आहे. तिथे आवाजाने झोप मोडत नाही, आवाज थांबला की मोडते. आम्ही पान वाचले आणि म्हणालो, "छान आहे, पण पुढे काय? आधी मुद्दे काढून आण."

ती सात मुद्दे घेऊन आली. एकतेचे महत्त्व, कष्टाचे फळ वगैरे. दादी गेली, खटखट गेली, रात्रही गेली. त्यानंतर तिने काही आणलेच नाही.

उर्दूतले मोठे अफसानानिगार आधी आखणी करत होते का? प्रेमचंद करत. गोष्ट आदीपासून अंतापर्यंत जेहनमध्ये पक्की बसल्याशिवाय आपण लिहायला बसत नाही, असे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. नुसत्या घटनेवर ते लिहीत नसत. तिच्यात माणसाच्या मनाचे काही सत्य दिसले पाहिजे आणि गोष्ट जिथे चढून पोहोचते ती जागा सापडली पाहिजे. कादंबऱ्यांचे आराखडे तर ते कागदावर मांडत, आणि गंमत अशी की लिहायचे उर्दू-हिंदीत, पण टिपणे बऱ्याचदा इंग्रजीत. (दोन भाषांत शिकवणाऱ्या आम्हाला हे वाचून बरे वाटले. डोक्यातला कच्चा माल कोणत्या भाषेत ठेवायचा, हे ज्याचे त्याने पाहावे.)

मंटोंचे उलटे. 'मैं अफसाना क्योंकर लिखता हूँ' या लेखात ते म्हणतात की अफसाना आपल्या डोक्यात नसतो, खिशात असतो. म्हणजे पैसे आगाऊ घेतलेले, आता लिहिणे भाग. कागदावर ७८६ घालायचे आणि सुरू. भोवती तीन मुलींचा गलका, त्यांची भांडणे सोडवायची, पाहुणा आला तर त्याची खातिरदारी करायची, आणि लिखाण चालूच.

हे वाचून मुले खूश होतात: बघा टीचर, मंटो मुद्दे काढत नव्हते! पण तोच लेख पुढे वाचावा. गोष्ट सुचत नाही तेव्हा मंटो घरातल्या पाखरांना दाणे घालतात, मुलींना झोका देतात, केर काढतात, घरभर विखुरलेले मुलींचे चिमुकले जोडे गोळा करून एका जागी ठेवतात. शेवटी बेगम म्हणतात, विचार करू नका, कलम उचला आणि लिहायला लागा. आमच्या मते तो झोका आणि ते जोडे हीच मंटोंची आखणी होती. फक्त ती कागदावर उतरत नसे.

राजिंदरसिंह बेदींना हेच मंटो टोकत, की तुम्ही लिहिण्याआधी विचार करता, लिहिताना करता आणि लिहून झाल्यावरही करता. बेदींनी सवय बदलली नाही. बरेच झाले. नाहीतर 'एक चादर मैली सी' आपल्याला मिळाली असती का?

चूक आमची कुठे झाली? प्रेमचंदांचा आराखडा गोष्टीतून निघालेला असे. आम्ही त्या मुलीकडे मागितला तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचा होता. परीक्षेत मुद्दे दुसऱ्याने दिलेले असतात, आपण फक्त मधली जागा भरायची. आपल्या गोष्टीत मुद्देच आधी जगावे लागतात, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला तात्पर्य विचारले तर ती पुस्तकातलेच देणार.

मागच्या आठवड्यात तिला बोलावले. वही मागितली नाही. म्हटले, "तोंडी सांग. लूम बंद झाली, मग?"

बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "भंगारवाल्याचा टेम्पो येतो, टीचर. अब्बा लूम विकतात. दादीला कुणी सांगितलेलं नसतं. ती रात्रभर विचारते, आज लाईट गेली का रे?"

"म्हणजे शेवट तुला माहीत आहे."

"शेवट माहीत आहे. मधलं माहीत नाही."

"मग ते लिहिता लिहिता शोध. मुद्दे नकोत."

तिने मान हलवली. तिच्या घरची लूम खरेच विकली गेली का, हे आम्ही विचारले नाही. वही अजून आलेली नाही. आम्हीही मागितलेली नाही.