आमच्या द्राक्षांवर नंबर का नाही?

न्हावा-शेव्याच्या बंदरात द्राक्षांना घाम येऊ देत नाहीत. नाशिकचा थंड कंटेनर आला की आधी त्याला विजेचा प्लग. आत पारा शून्याच्या आसपास, बाहेर आम्ही उन्हात. मी रोह्याजवळच्या वरसे गावचा, मॅट्रिक, गोदीत हमाली करतो. कस्टमवाल्यांनी कंटेनर उघडायला लावला की पेट्या उतरवायच्या, पुन्हा रचायच्या, एवढंच माझं द्राक्षाशी नातं.

त्या पेटीवर नंबर असतो. नंबरावरून युरोपातला गिऱ्हाईक थेट बागेपर्यंत पोचतो : प्लॉट कुणाचा, विषाचा अंश कुठल्या प्रयोगशाळेत तपासला, सगळं. ग्रेपनेट म्हणतात त्याला. अपेडाचं काम, आणि चांगलं काम. माझं भांडण त्याच्याशी नाय. रोह्याच्या बाजारात हातगाडीवरून मी आईसाठी जी द्राक्षं घेतो, त्यांना नंबर का नाही?

2010 साल आठवा. वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटचा अंश युरोपात सापडला, कंटेनर अडकले. इथल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं! शिव्या मात्र शेतकऱ्याला. कर्जही त्याच्याच डोक्यावर. 1 मे 2014 ला फळमाशीपायी युरोपानं आंबा बंद केला. जोडीला कारलं, पडवळ, वांगं, अळू. लगेच पॅकहाऊसमध्ये कडक तपासणी आली आणि 2015 च्या सुरुवातीला आंब्याची बंदी उठली. म्हणजे मनात आणलं तर सरकारला वर्षसुद्धा लागत नाही. त्याला परत येणाऱ्या कंटेनरची भीती लागते.

आमची भीती कुणाला? आम्ही खाल्लेलं परत कुठं पाठवणार?

2024 च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरनं आपल्याकडच्या नामांकित मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं सांगितलं. मग इथं नमुने गोळा करायला माणसं धावली. इथल्या नमुन्यांत ते सापडलं नाही, असं पुढं जाहीर झालं. बरं, मानू. पण आमच्या आया वर्षानुवर्षं तेच मसाले कालवणात टाकत होत्या, तेव्हा नमुने घ्यायचं कुणाच्या डोक्यात का आलं नाही? दुसऱ्या देशानं बोट दाखवावं तेव्हा आमचं पोट आठवतं, च्यायला.

साहेब लोक म्हणतील, एवढ्या बाजारांची तपासणी करायला पैसा कुठून आणायचा? अन्नसुरक्षेचा कायदा 2006 चा आहे. त्यात युरोपाचं पोट वेगळं, रोह्याचं वेगळं असं लिहिलेलं नाही. निर्यातीत तपासणीचा खर्च मालाच्या भावातून निघतो, कारण घेणारा अडून बसतो. आपण अडून बसत नाही, कारण आपण सुटे सुटे, पावकिलो घेणारे. म्हणून एकत्र अडायचं. दर आठवड्याला प्रत्येक बाजारात नमुने घ्या, निकाल मराठीत फलकावर लावा. आणि परदेशातून परत आलेला माल पुढं कुठं विकला, तेही त्याच फलकावर लिहा.

पहिला फलक रोह्याच्या मासळी बाजारात लावा. धाटावच्या एमआयडीसीजवळून कुंडलिका वाहते, तिच्या खाडीतली मासळी तिथं येते. कोळिणीवर खेकसू नका. तीही तेच खाते.