आधी छज्जा, मग काच

मऊरानीपुरात किंवा अशाच एखाद्या तापत्या गावात घर बांधायला काढलेल्यांना एक विनंती आहे. दर्शनी भागाचे फोटो मोबाइलवर शोधण्याआधी मऊच्या जुन्या पेठेतून चक्कर मारून या.

ही पेठ मराठ्यांच्या अमदानीत वाढली. अठराव्या शतकाच्या अखेरीस छत्रपूरच्या राजाच्या जाचाला कंटाळलेले व्यापारी इथे आले, आणि झाशीचे सुभेदार रघुनाथ हरी नेवाळकर यांनी त्यांना आसरा दिला. खारव्याच्या लाल कापडाने गाव नावारूपाला आलं. त्या वेळच्या धर्तीच्या विटांच्या घरांना तळमजला आणि वरचा मजला यांच्यामध्ये खोल छज्जे असत. इंग्रजांच्या गॅझेटियरनेही त्यांच्या देखणेपणाची दखल घेतली आहे. पण ते नुसते शोभेसाठी नव्हते.

बुंदेलखंडात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपलीकडे जातो. मऊ साधारण २५ अंश अक्षांशावर आहे, म्हणून जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला की तिथलं ऊन अडतं. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ४१ अंशांच्या आसपासच चढतो, तेव्हा त्याच छज्ज्याखालून ऊन खोलीत येतं, आणि तेव्हा ते हवंच असतं. पश्चिमेला मात्र छज्जा पुरत नाही. संध्याकाळचं तिरपं ऊन त्याच्या खालून आत शिरतं. तिथे जाळी, व्हरांडा किंवा झाड हवं. ते जमत नसेल तर जिना आणि न्हाणीघर त्या बाजूला टाका. तिथे काचेची भिंत उभी करणं म्हणजे एसीच्या बिलाला आमंत्रण. ठेकेदार ‘आजकाल हेच चालतं’ म्हणेल. त्याला त्या खोलीत राहायचं नाही.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. छत सोडून बाकीच्या बाह्यभागातून आत येणारी उष्णता सरासरी चौरस मीटरला १५ वॉटपेक्षा जास्त नसावी, असं ती सांगते. नकाशा काढणाऱ्याला हा हिशेब विचारा. उत्तर आलं नाही तर दुसरा माणूस बघा.

छज्जा आपल्याच हद्दीत बसेल एवढी जागा सोडा, नाहीतर पागोळ्यांवरून शेजाऱ्याशी जन्माचं भांडण. त्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच ठेवायला सांगा, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता खाली गळून पडेल. खर्च नाममात्र, पण गवंडी विसरतात.

एक गोष्ट नगरपालिकेवर सोडू नका. गल्लीतल्या चार घरांनी छज्ज्याची उंची सारखी ठेवली तर वळचणीची सावली सलग होते आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही ती मिळते. रंग ज्याचा त्याचा असू द्या, मला त्यात पडायचं नाही. उंची मात्र पाया खणण्याआधीच शेजाऱ्यांबरोबर बसून ठरवा.