श्रेयांकांपुरती सेवा

उन्हाळी सुट्टी जवळ आली की यावल, फैजपूर, भुसावळ या पट्ट्यातील महाविद्यालयांत अलीकडे एक नवा शब्द कानी पडतो : आंतरवासिता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वर्षांच्या पदवीच्या विद्यार्थ्याने चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांची आंतरवासिता करावयाची आहे. राज्य शासनाने २०२३ मध्ये आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात समाजसंपर्क व सेवा यांनाही श्रेयांक आहेत. मेकॉलेच्या कारकुनी शिक्षणाला निदान एवढे तरी छेद गेले, हे स्वागतार्हच म्हटले पाहिजे.

परंतु ही सेवा करावयाची कोठे आणि ती करणार कोण, हे प्रश्न कोणी विचारत नाही.

व्यवहारात घडते ते असे. मुंबई-पुण्याच्या एखाद्या स्वयंसेवी संस्थेत सहा-आठ आठवडे काम, त्यातही बहुतांश वेळ वातानुकूलित कार्यालयात संगणकासमोर, मधूनमधून सेवावस्तीला भेट, शेवटी इंग्रजीतला अहवाल आणि रंगीत प्रमाणपत्र. वस्तीतील लोक या अहवालात ‘लाभार्थी’ असतात. अहवाल देणगीदाराकडे जातो, प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडले जाते, आणि वस्तीत पुढल्या उन्हाळ्यात तेच प्रश्न घेऊन दुसरी मुले येतात. याला समाजसेवा म्हणावयाचे की समाजाच्या जिवावर केलेली उमेदवारी?

आणि हे तरी कोणाला परवडते? ज्याचे मामा दादरला किंवा मावशी कोथरूडला राहते, त्याला! सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून येऊन वसतिगृहात राहणारा पावरा विद्यार्थी, किंवा केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या मजुराची मुलगी, यांच्या दृष्टीने सहा आठवड्यांची बिनपगारी सेवा म्हणजे सहा आठवड्यांची बुडालेली मजुरी. वर महानगरातील खोलीभाडे आहेच. केंद्र सरकारने २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणली, दरमहा ५,००० रुपये विद्यावेतन ठरवले; पण ती मोठ्या कंपन्यांतील उमेदवारीसाठी, आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांना तीत प्रवेश नाही, असेच तिचे नियम झाले. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून ही उणीव सांगू नये, असे आम्हांस वाटत नाही. सेवा हा सुखवस्तू घरांचा मक्ता ठरला, तर समरसतेची भाषणे कोणी कोणापुढे करावयाची?

याच यावल तालुक्यातील फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. शहरातील पुढाऱ्यांनी खेड्यात यावे, हा गांधीजींचा आग्रह होता. त्या अधिवेशनात ध्वज वर चढताना अडकला आणि शिरपूरचा तरुण किसनसिंह परदेशी खांबावर चढून तो मोकळा करून आला, हा प्रसंग आपल्या साहित्यात नोंदलेला आहे. डॉक्टर हेडगेवारांनी पुढे त्याचा गौरव केला. खांबावर चढताना मात्र त्याच्या पुढे श्रेयांक नव्हते. आज त्याच खानदेशातील तरुणाला सेवेच्या दाखल्यासाठी मुंबई गाठावी लागते.

मुंबईच्या वस्त्यांत काम करू नये, असे आमचे म्हणणे नाही. महानगर पाहावे, अवश्य पाहावे. पण खानदेशाचे महानगर मुंबई नव्हे, ते सुरत आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशी माणूस पिढ्यान्‌पिढ्या यंत्रमाग आणि साड्यांच्या धंद्यात राबतो आहे. सुरतेच्या राजकारणातून पुढे येऊन २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळात गेलेले सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातलेच. तेथील महापालिकेने मराठी माध्यमाच्या शाळा चालविल्या, त्या या लोकांच्या मुलांसाठी.

या वस्त्यांत काम नाही काय? आहे, आणि ते नेमके यावलच्या मुलालाच जमणारे आहे. मुलाचा जातीचा दाखला काढावयाचा, तर आजोबांच्या शाळेचा उतारा मूळ गावाहून हवा. शिधापत्रिका गावी, माणूस सुरतेत. एक देश, एक शिधापत्रिका योजना आली खरी. पण ती आपल्याला कशी लागू होते, हे त्या बाईला समजावून सांगणारा कोणी हवा ना! एकेका कागदासाठी रोजंदारी बुडवून कुटुंबे गावाकडे खेपा घालतात. हा कागद यावलच्या तहसील कचेरीत कोठे मिळतो, हे ठाऊक असलेला विद्यार्थी सुरतेत असेल, तर त्या खेपा वाचतील. वस्तीत लेवा गणबोली किंवा अहिराणी कानावर पडताच दार उघडते. तेथे प्रश्नावली लागत नाही. सुट्टी संपवून तो यावलला परतला, तरी काम त्याच्याबरोबरच येते, कारण अर्धे काम इथल्याच कचेऱ्यांत आहे.

तासांचा हिशेब आपल्याला नवा नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली, तीतही वर्षाला १२० तास आहेत. त्या योजनेने चांगले कार्यकर्ते दिले, हे नाकारता येणार नाही. पण सात दिवसांचे शिबिर आटोपून दत्तक गावाला वर्षभर पाठ फिरविणारी महाविद्यालयेही आपण सर्वांनी पाहिली आहेत. नव्या श्रेयांकांचे तेच होऊ द्यावयाचे नसेल, तर विद्यापीठाने सातपुड्यातील पाडे आणि सुरतेतील खानदेशी वस्त्या यांना आंतरवासितेचे अधिकृत क्षेत्र म्हणून मान्यता द्यावी. यावललाच एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. पाड्यांवरचे काम ठरविण्यासाठी मुंबईस जाण्याचे कारणच काय?

राहता राहिला प्रश्न मुक्कामाचा. १९६६ पासून विद्यार्थी परिषदेच्या प्रेरणेने चाललेल्या आंतरराज्य छात्रजीवन दर्शन उपक्रमात ईशान्येची मुले देशभरातील कुटुंबांत राहिली, आपल्याच घरांतील ताटांवर जेवली. नागालँडचा मुलगा ज्या घरात सामावला, तेथे धडगावचा किंवा यावलचा का सामावू नये? आपल्या मुलाला परदेशी विद्यापीठाच्या अर्जासाठी ‘सेवेचे’ प्रमाणपत्र मिळवून देताना जी धावपळ आपण करतो, तिच्या दशांशाने हे होईल. सुरत, पुणे, ठाणे येथील वाचक-कुटुंबांनी येत्या उन्हाळ्यासाठी एका विद्यार्थ्याची, शक्यतो विद्यार्थिनीची, सोय करण्याचे आताच ठरवावे आणि तसे नगर कार्यवाहांना कळवावे. भुसावळहून ताप्ती मार्गाने सुरत एका रात्रीच्या अंतरावर आहे.